रवीला खाली नसते

तात्या,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली होती, ती आधी दुरुस्त करते. ते पत्र तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या वर्षी लिहिलेलं. अजून तुमच्या बाजाच्या पेटीच्या खोक्यातच आहे. वाळवी लागू नये म्हणून आत्या त्यात कडुनिंबाचा पाला ठेवते, त्याचा कडवट वास कागदाला लागला आहे. त्यात मी लिहिलं होतं की मी नऊ वर्षांची असताना एका सकाळी स्वयंपाकघरात ताल धरताना लयीच्या पुढे धावले, म्हणून तुम्ही रागावलात आणि ते योग्यच केलंत. मी धावले नव्हते, तात्या. एवढं एक वाक्य लिहायला मला दहा वर्षं लागली, आणि त्यातही गेले चार दिवस फार जड गेले.

ती सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. आई खांबाला दोरी बांधून ताक घुसळते आहे. चुलीवर मऊभात रटरटतो आहे. तुम्ही कचेरीत जायच्या आधी पाटावर बसला आहात, आणि मी समोर मांडी घालून त्रिताल म्हणते आहे. धा धिं धिं धा. सोळा मात्रा. पहिलीला टाळी, ती सम. पाचवीला टाळी. नववीला मात्र टाळी नाही, तिथे तळहात नुसता उलटा करून दाखवायचा, ती खाली. मग तेरावीला पुन्हा टाळी, आणि फिरून समेवर. मी समेवर येते तर तुमची मान हलत नाही. ‘धावतेस,’ तुम्ही म्हणता. ‘खालीनंतर धावतेस. पुन्हा.’ मी पुन्हा म्हणते. ‘पुन्हा.’ तिसऱ्या वेळी तुम्ही माझं मनगट धरता, तेव्हा आई दोरी न थांबवता म्हणते, ‘अहो, बरोबर तर म्हणते आहे. माझी रवी नि तिचा हात मघापासून एकत्र चाललेत.’ तुम्ही तिच्याकडे वळूनही न बघता म्हणता, ‘रवीला खाली नसते.’

आई हसली. दारात बसून आत्या फुलवाती करत होती, तीसुद्धा हसली. पुढे कित्येक वर्षं ते वाक्य आपल्या घरात फिरत राहिलं. कोणी घाईघाईने काही करायला लागलं की दुसरा म्हणायचा, रवीला खाली नसते. मागच्या पत्रात मी ते तुमच्या विनोदाचा नमुना म्हणून लिहिलं आहे. त्या सकाळी मात्र मला हसू आलं नाही. शंभर आवर्तनं झाल्याशिवाय भात नाही, असं सांगून तुम्ही कोट चढवलात नि जांभ्याच्या पायऱ्या उतरून गेलात. मी मोजून शंभर केली. भातावर साय धरली होती. आईने त्यावर तूप घातलं. पण त्या शंभरांत मी काय शिकले ते आता सांगते. नववी मात्रा आली की हात उलटण्याआधी जरासं थांबायचं, हे मी शिकले. संध्याकाळी तुम्ही परत आल्यावर मी तसं करून दाखवलं, आणि तुमची मान हलली.

तुम्ही त्याला अर्थही दिला होतात. टाळी म्हणजे भरलेली मात्रा, खाली म्हणजे रिकामी. भरलेल्या जागेला माणूस आपोआप मान देतो, रिकाम्या जागेला द्यावा लागतो. घाई करू नये, तिथे श्वास आहे. मला हे इतकं आवडायचं की मी ते वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं. गेली चार वर्षं मुलींच्या गायनवर्गात मी नव्या मुलींना पहिल्या दिवशी हेच सांगत आले आहे.

तुमची परीक्षा घ्यायची पद्धतही मी तशीच्या तशी उचलली. ताल पाठ आहे की कळला आहे, हे ओळखायचं कसं? तुम्ही मला मध्येच विचारायचात, ‘मीठ कुठे ठेवलंय?’ मी हात न थांबवता सांगायचं, फडताळात, खालच्या फळीवर, आणि तरी समेला टाळी समेवरच पडायची. कधी म्हणायचात, जा, विहिरीवरनं तांब्या घेऊन ये. तोंडाने काही न म्हणता मी जायची, यायची, आणि उंबऱ्यात पाय ठेवताना मोठ्याने धा म्हणायची. तुम्ही इकडे पाटावर बसून मनात म्हणत असायचात. दोघांचा धा एकदम पडला की तुम्ही ‘हां’ म्हणायचात. त्या ‘हां’साठी मी विहिरीपर्यंत कितीही वेळा गेले असते. आज कळतं की आपण दोघंही त्या वाटेवर प्रत्येक खालीला सारखेच थांबत होतो, म्हणून भेटत होतो.

आता वर्गाचं सांगते. वर्ग आपल्या शाळेमागच्या पडवीत भरतो. चालवणाऱ्या मोठ्या बाई तुमच्या ओळखीच्या नाहीत, तुमच्यानंतर इथे आल्या. पण तुमचं नाव त्यांनी ऐकलं आहे, गावात कोणी ऐकलेलं नाही? देवळात कोणाचं पद समेवरून घसरलं की लोक गाणाऱ्याकडे न बघता तुमच्याकडे बघायचे, ही गोष्ट त्यांना कोणीतरी सांगितली होती. म्हणून यंदा त्यांनी लयतालाची परीक्षा वेगळी काढली आणि ती माझ्याकडे दिली. म्हणाल्या, ‘गाता थोडंफार सगळ्यांनाच येतं. ताल कळलाय का ते तू बघ. तुझ्या वडलांची मुलगी तू.’ मला त्या दिवशी चालताना रस्ता दिसत नव्हता, इतका आनंद झाला. मोहोराचा वास येत होता, आणि हे सांगायला घरी जाऊन कोणाला गाठू, असं वाटत होतं. आत्याला ऐकू कमी येतं. तिला ओरडून सांगितलं तर ती म्हणाली, ‘परीक्षा? आता या वयात तुझी कसली परीक्षा गो?’

पहिली तीन वर्षं वर्गात ठेक्याला आपल्या देवळातले गुरवकाका बसायचे, तुमचेच सोबती. त्या वर्षांत मला कोणतीच मुलगी धावते असं वाटलं नाही. गेल्या वैशाखापासून काकांच्या हाताला कंप सुटला, आणि ज्येष्ठात नवा वर्ग सुरू झाला तेव्हा त्यांच्या जागी देशावरचे एक तरुण तबलजी आले. त्यांचा ठेका मला पहिल्यापासून उतावळा वाटे. एकदा मी त्यांना तसं म्हटलंही. ते ‘बरं बाई’ म्हणाले, हसले, आणि पुन्हा तसंच वाजवू लागले. मी मनात म्हटलं, देशावरची माणसं, घाई असणारच.

शनिवारी परीक्षा झाली. तबला ठेवला नव्हता; नुसता हात आणि तोंड. नऊ मुली. आधी तोंडाने बोल म्हणत हात, मग तोंड बंद करून नुसता हात, आणि शेवटी तुमचा मिठाचा प्रश्न. समोर मी माझ्या हाताने ताल धरून बसले होते. पहिलीच मुलगी खालीनंतर धावली. दुसरीही. तिसरी आणि चौथी माझ्या हाताकडे बघत होत्या, त्या बरोबर आल्या. त्यांना मी पास केलं. मिठाच्या प्रश्नाला मात्र त्या दोघींचे हात थांबले होते. तेव्हा मला वाटलं, भितात बिचाऱ्या. मग पुन्हा धावणाऱ्या मुली, एकामागून एक. मी वहीत लिहीत गेले: खालीनंतर धावते. खालीनंतर धावते. पाचव्यांदा तेच लिहिताना माझ्या मनात काही यायला हवं होतं. आलं ते एवढंच, की त्या तरुण तबलजींनी यांना बिघडवलं.

शेवटची मुलगी चौदा वर्षांची आहे. गाव हातखंब्याजवळचं. इथे मामाकडे राहते, मामा दवाखान्यात कंपाउंडर आहे. घरी भात, नाचणी, थोडी गुरं. तिच्या आजोबांनी वर्गात पाठवायला एका अटीवर होकार दिला होता: एक वर्ष. पास झाली तर पुढचं बघू, नाहीतर परत यायचं. स्थळ बघून ठेवलेलं आहे. हे तिने मला भाद्रपदात सांगितलं होतं, रडून नव्हे, हवापाण्याचं सांगावं तसं.

तिने हात धरला आणि तिसऱ्या आवर्तनात मी विचारलं, ‘तुझं आजोळ कुठलं?’

‘आंजर्ल्याचं, बाई. कड्यावरच्या गणपतीच्या खाली.’ हात चालूच.

‘किती पायऱ्या आहेत देवळाला?’

‘मोजल्या नाहीत. मामा म्हणतो, दम संपला की पायऱ्या संपतात.’ आणि समेवर टाळी. दाराशी उभ्या मुली खुदखुदल्या. ती हसली नाही, तिचा हात पुढच्या पाचवीवर गेला होता. तात्या, तुम्ही असता तर ‘हां’ म्हणाला असतात. अशी मुलगी मी वर्गात दुसरी पाहिली नाही. तरीसुद्धा खालीनंतर ती माझ्या पुढे गेली होती. मी म्हटलं, ‘बाकी चांगलं. पण खालीनंतर धावतेस.’

‘नाही, बाई.’

‘पुन्हा धर.’

तिने पुन्हा धरला. आवर्तन संपवून तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, ‘बाई, मी धावले नाही. तुमचा हात मागे राहिला.’

मी म्हटलं, ‘परीक्षा कोण घेतंय?’

‘तुम्ही.’

‘मग माझ्या हाताबरोबर धर.’

तिने तेही करून बघितलं. माझ्या हाताकडे डोळे लावून ती खालीशी थांबली, थांबल्यावर तिला पुढची मात्रा सापडेना, ती गोंधळली आणि तेराव्या मात्रेची टाळी चुकली. मी वहीत लिहिलं: खाली सांभाळता येत नाही, ताल मोडते. नापास. यादी त्याच दुपारी मोठ्या बाईंच्या हातात दिली. रविवारी सकाळी त्या बहिणीकडे दाभोळला गेल्या.

रविवारी दुपारी आत्या पडली होती. मी माजघरात तुमच्या घड्याळासमोर बसले. तुम्ही मला बजावलं होतंत, घड्याळाशी ताल धरायचा नाही, घड्याळाला श्वास नसतो. मी कधी धरला नव्हता. सव्वीस वर्षांच्या आयुष्यात एकदाही नाही, तुम्ही गेल्यावरही नाही. त्या दिवशी धरला. लंबकाच्या एका ठोक्याला एक मात्रा. आठ मात्रा मी आणि लंबक एकत्र गेलो, नवव्या मात्रेला तो गेला आणि माझा हात मागून उलटला. पुढच्या टाळीपाशी मी त्याला गाठलं, आणि फिरून खालीला तो पुढे. मी गाठायचं नाही असं ठरवून, माझ्या चालीने जात राहिले, तर थोड्याच आवर्तनांत माझी सम दोन ठोक्यांच्या मध्ये कुठेतरी पडू लागली. मी डोळे मिटून बघितलं, उभं राहून बघितलं, डाव्या हाताने बघितलं. आत्या उठून दारात आली. ‘कुणाशी टाळ्या पिटतेस गो?’

मी तिच्या कानाशी जाऊन विचारलं, ‘आत्या, तात्यांचा हात कधी मोडला?’

‘नऊ-दहा वर्षांचा असेल. रातांब्यावरनं पडला. हाडवैद्याने बांधून दिला तर मेल्याला धीर कुठला, दोन दिवसांत सोडून बघायला लागला. मग राहिला तो तसाच.’

हे काही मला नवीन नव्हतं. हेच मला कळत नाही, तात्या, की हे मला नवीन नव्हतं. तुमचा उजवा तळहात वर होत नाही हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. भाजीवाली सुटे द्यायची तेव्हा तुम्ही डावा हात पुढे करायचात. देवळात तीर्थ घेताना उजवा हात आडवा धरून खाली डाव्याची ओंजळ लावायचात, आणि तुमच्या बाहीचं टोक नेहमी ओलं असायचं. लहानपणी मी तुमचा हात धरून देवळातून परत यायची तेव्हा ते ओलं टोक माझ्या मनगटाला लागायचं. टाळी द्यायला तो हात चांगला होता. पण खालीला तळहात उलटा करायचा म्हणजे तुम्हाला खांद्यापासून सगळा हात फिरवून आणावा लागे, आणि त्याला वेळ लागे. एवढी साधी गोष्ट. रोज तीर्थाच्या वेळी मी तो हात बघत होते, रोज तालाच्या वेळी बघत होते, आणि या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी शेजारी आल्या नाहीत.

मंगळवारी गुरवकाकांकडे गेले. ते देवळामागे उन्हाला बसले होते. दोन्ही हात धोतराच्या घडीत घातलेले, कंप दिसू नये म्हणून.

‘काय गो, देवाची आठवण झाली की माझी?’

‘काका, तात्या खालीला उशिरा यायचे का?’

ते समोरच्या तुळशीकडे वळले. मग म्हणाले, ‘कोण म्हणतो?’

‘एक मुलगी. माझ्याबद्दल म्हणाली. मी घड्याळाशी धरून बघितलं.’

‘केवढी हाय?’

‘चौदा वर्षांची.’

‘कान चांगला हाय पोरीचा,’ ते म्हणाले आणि हसता हसता त्यांना खोकला आला. पाणी दिलं, ते पेल्यातून धोतरावर सांडलं. मग म्हणाले, ‘हे बघ. वीस वर्षं मी तुझ्या तात्यांना तीर्थ दिलं. त्यांचा हात जागेवर येईस्तोवर पळी वाकवायची नाय, हे माझ्या हाताला ठाऊक होतं. संध्याकाळी भजनाला पखवाज घेतला की तिथे पण तेवढाच थांबायचो. केसभर. लोक म्हणायचे, काय डौल हाय! मी म्हटलं, डौल तर डौल.’

‘त्यांना ठाऊक होतं?’

‘मी कधी विचारलं नाय. त्यांनी कधी सांगितलं नाय.’

‘आणि माझ्या वर्गात बसायचात तेव्हा?’

‘तुझा हात तर चांगला सरळ उलटतो. तरी तू थांबलीस. पहिल्या दिवशी बघितलं नि माझा ठेकाच सुटायचा बाकी होता. म्हटलं, गेलेला माणूस समोर येऊन बसलाय, त्याला काय सांगू, लवकर ये म्हणून?’

मी म्हटलं, ‘काका, सात मुलींना मी नापास केलंय. मी मोठ्या बाईंना सांगणार आहे, माझं चुकलं, आणि कशामुळे चुकलं तेही.’

‘कशामुळे ते कशाला? चुकलं म्हण नि मोकळी हो. वीस वर्षं मी झाकलं ते तू एका सकाळीत उघडं करणार?’ त्यांचा आवाज चढला होता. मला वाटतं, तो राग माझ्यावर नव्हता. मी तिथेच बसून राहिले. ऊन पायापर्यंत आलं तसे ते थोडे सरकून बसले आणि म्हणाले, ‘पोरींना परत बसवणार असशील तर मला बोलाव. तबला नाय धरवत. पण तोंडाने ठेका बोलतो. मी बोलेन, पोरी हात धरतील. तुझे हात तू पदराखाली घाल.’

‘घालीन.’

‘आणि घरात एकटी बसून टाळ्या पिटू नको. खुळी म्हणतील.’

तेव्हापासून मी ठरवते आहे की काय बोलायचं. मोठ्या बाई उद्या, गुरुवारी रात्री उशिरा, दाभोळहून परततील. निकाल शुक्रवारी सकाळी पडवीत पालकांसमोर वाचायचा आहे, आणि ती मुलगी शनिवारच्या सर्व्हिस मोटारीने गावी जाणार आहे. मामाने तिची ट्रंक आणून ठेवली असं दुसऱ्या मुलीने सांगितलं. तेव्हा बोलायचं तर निकालाच्या आधीच बोललं पाहिजे. पण कसं? नुसतं ‘माझा कान चुकला’ म्हटलं तर बाई विचारतील, एकदम सातजणींना कसा चुकला? आणि ज्या दोघी माझ्या हाताकडे बघून पास झाल्या त्यांना तर मी पास करून फसवलंच आहे. ज्यांना ताल कळला होता त्या नापास, आणि ज्यांनी माझी नक्कल केली त्या पास. हे सगळं सांगायचं तर तुमचा हात सांगावा लागतो. तुमचं नाव त्या पडवीत घेतलं की संध्याकाळपर्यंत देवळात पोचेल. ज्यांनी वीस वर्षं तुमच्याकडे बघून समेवर मान हलवली ते आता काय म्हणतील, ते माझ्या कानांत आधीच वाजतं आहे. आणि तुम्ही उत्तर द्यायला नाही. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्यावर बोट ठेवायचं, हे मला कोणत्याच बाजूने नीट दिसत नाही. मग ती ट्रंक डोळ्यांसमोर येते. नऊ वर्षांची असताना मला शंभर आवर्तनं मिळाली होती, त्यानंतर निदान भात होता, तूप होतं. तिला ते नाही.

म्हणून सगळं सांगणार आहे. माझे वडील तालाला पक्के होते, त्यांचा हात मोडलेला होता, आणि मी त्यांचा हात शिकले. इतकंच सांगीन, जास्त नाही. त्यापुढे मला परीक्षा घ्यायला बसवायचं की नाही, वर्गात ठेवायचं की नाही, ते बाई ठरवतील.

हे तीन दिवस मी घड्याळासमोर बसते आहे. काकांनी नको म्हटलं तरी. मोजत राहिले तर आता जमतं, नववी मात्रा ठोक्यावर पडते. मोजणं सोडलं की हात पुन्हा थांबतो. तो थांबला की मला बरं वाटतं, हेही लिहून ठेवते. तुमचा कोट आत्याने देऊन टाकला. काठी दादाने मुंबईला नेली. कचेरीतल्या लोकांना आता तुमचं नाव सांगावं लागतं. आई गेल्यावर तर तुमच्याबद्दल ज्याच्याशी भांडावं असंही कोणी उरलं नाही. त्या सकाळी तिची रवी बरोबर होती हे तिला एकदा सांगायला हवं होतं, तेही राहिलं. मी हातातलं हे थांबणं मोजत मोजत घालवते आहे, तात्या, आणि ते गेल्यावर संध्याकाळी कशाशी बसायचं ते मला ठाऊक नाही.

घड्याळाशी ताल धरू नको असं तुम्ही सांगितलंत, ते तुमचा हात मागे राहतो हे तुम्हाला ठाऊक होतं म्हणून, की खरंच त्याला श्वास नसतो म्हणून, हे मी शंभर वेळा उलटसुलट करून पाहिलं. आता ते सोडते. काकांनी विचारलं नाही, मीही विचारत नाही.

अजून एक गोष्ट दुरुस्त करायची आहे, वर लिहिलेलीच. मी असं लिहिलं आहे की जणू रविवारी घड्याळासमोर बसले तेव्हाच कळलं. तसं नाही. शनिवारी ती मुलगी हात मांडीवर ठेवून म्हणाली, तुमचा हात मागे राहिला, त्याच क्षणी ते खरं आहे हे मला कळलं होतं. नऊ वर्षांची असताना जे मला ठाऊक होतं आणि शंभर आवर्तनांत जे मी पुसलं, ते तिने म्हटल्याबरोबर जागेवर आलं. आणि ते कळूनच मी वहीत नापास लिहिलं. घड्याळ, आत्या, काका, हे सगळं नंतरचं. कोणीतरी मला सांगावं की ती मुलगी खोटं बोलली, एवढ्यासाठी मी हिंडत होते.

हेही पत्र कडुनिंबाच्या पाल्यात जाईल. काकांना निरोप धाडला आहे, ठेका बोलायला पडवीत या म्हणून. परवा शुक्रवार, पौष वद्य चतुर्थी, आत्याची संकष्टी. निकाल आठला वाचतील. मी पावणेआठला पडवीत असेन.